आठ टक्के वेग आणि एक लाल टॅग

मी नेमकं काय काम करतो, हे आमच्या व्याह्यांना अजून कळलेलं नाही. पोरीच्या लग्नाला सहा वर्षं झाली, तरी प्रत्येक सणाला त्यांचा एकच प्रश्न असतो.

"दुकान कशाचं म्हणले तुम्ही?"

"कॉम्प्युटरचं."

"म्हणजे विकता?"

"नाय."

"दुरुस्त करता?"

"करतो, पण ते मुख्य नाय. जे पळतंय त्याला आणखी थोडं जोरात पळवतो, आणि पळता पळता ते पडणार नाही ह्याची खात्री करून देतो."

ह्यावर ते बराच वेळ सुपारी कातरत बसतात आणि मग पीकपाण्याचं बोलायला लागतात. ह्या अंकाच्या संपादकबाईंनी लिहायला सांगितलं तेव्हा मला आधी व्याहीच आठवले. म्हणलं, चला, ह्या निमित्तानं त्यांनाही एकदाचं कळू द्या.

तर व्याहीबुवा, कॉम्प्युटरचा जो डबा असतो, ज्याला सगळं जग सीपीयू म्हणतं, त्याच्या आत एक जाडजूड पाटी असते, पंखे लावलेली. तिचं नाव ग्राफिक्स कार्ड. पडद्यावरची चित्रं काढायचं काम तिचं. साधं टायपिंग करायचं असेल तर ती डुलक्या काढते, पण गेम खेळायचा असेल, सिनेमा जोडायचा असेल, न बांधलेल्या घराचं हुबेहूब चित्र काढायचं असेल, तर तिचा घाम निघतो. कंपनीतून निघतानाच तिचा वेग ठरवून दिलेला असतो. ठरवणारा माणूस सावध असतो. हजारो कार्डं एकाच वेगाला बांधायची तर सगळ्यात अशक्त कार्डाला झेपेल तोच वेग धरावा लागतो. म्हणजे बाकीच्यांच्या अंगात थोडी ताकद शिल्लक राहते. ती बाहेर काढायची, ह्यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

मला हे पिशोरच्या एका अद्रकवाल्या शेतकऱ्यानं दोन मिनिटांत समजावून दिलं होतं. पन्नाशीचा गडी, पोत्यात गुंडाळून सीपीयू घेऊन आला. दुपारच्या उन्हात शेतात काम होत नाही म्हणून घरात बसून ट्रकचा गेम खेळायचा. पडद्यावर परदेशातले घाट, बर्फ, आणि हा बनियनवर बसून ट्रक हाणतोय.

"तारे दिसायलेत बगा," म्हणाला. "रस्त्यावर, झाडावर, जिथं तिथं लाल-हिरवे तारे."

"वेग वाढवलाय का कुणी?"

"कुणी कशाला, मीच वाढवला. ट्रॅक्टरचा डिझेलचा पंप मीच वाढवतो की. हे त्याच्याहून काय वेगळंय?"

"पंप एकदम वाढवता का?"

"छ्या! एकदम वाढवला तर धूर फेकतं. थोडा थोडा वाढवायचा, नांगर लावून बघायचं, पुन्हा थोडा."

"मग इथं एकदम कशाला वाढवला?"

तो हसला आणि म्हणाला, "इथं धूर दिसला नाय ना." मी मनात म्हणलं, ह्याला दुकानात बसवावं आणि आपण अद्रक लावावं.

मी मूळचा कॉम्प्युटरवाला नव्हेच. बावीस वर्षं वाळूजच्या एका कंपनीत होतो. तिथं विहिरीवर बसवायच्या मोटारी व्हायच्या, आणि मी टेस्टिंगला होतो. तयार झालेल्यातली एक मोटार काढायची, टेबलावर बसवायची, पूर्ण लोड द्यायचा आणि तापू द्यायची. अर्ध्या अर्ध्या तासानं तापमान लिहायचं. चढायचं तेवढं चढून आकडा एका जागी थांबला आणि तिथंच टिकला की मोटार पास. ह्याला आम्ही हीट रन म्हणायचो. पास झाली की हिरवा टॅग, सुतळीनं बांधायचा, त्यावर टेस्टरची सही. नापास झाली की लाल टॅग. लाल टॅगवर एक जादा रकाना असायचा, 'कारण'. तो रिकामा ठेवला तर फोरमन टॅग तोंडावर फेकायचे. नवीन पोरांना ते सांगायचे, "सही केली म्हणजे मोटारीबरोबर तू विहिरीवर गेला. तिथं शेतकरी शिव्या देईल त्या तुलाच." हे वाक्य माझ्या डोक्यात असं बसलं की अजून निघालेलं नाही.

पुढं कंपनीनं ती लाईनच बंद केली. मी बजाजनगरमध्ये गाळा घेतला. कॉम्प्युटर दुरुस्ती शिकलो, आणि शिकता शिकता ही वेग वाढवायची भानगड हाताला लागली. बाकीच्यांना ती जादू वाटायची, मला मात्र सरळ हीट रन दिसला. छापखान्यातून हिरवे आणि लाल टॅग छापून आणले, अगदी कंपनीसारखे, कारणाच्या रकान्यासकट. बायको म्हणाली, "कंपनी सुटली, पण टॅग काय सुटंना तुमचे."

रीत साधी आहे, फक्त घाई असलेल्या माणसाला ती जमत नाही. आधी कार्ड उघडून धूळ काढायची. चिपवरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून खडू झालेली असते, ती पुसून नवी लावायची. मग आहे त्याच वेगावर पूर्ण लोड देऊन बघायचं; आहे तेच झेपत नसेल तर वाढवून काय कपाळ फोडायचं? वीज पुरवणारा डबा चांगल्या जातीचा आहे का, तेही बघायचं. मग वेग चिमटीनं वाढवायचा, भाजीत मीठ टाकतो तसा. एक पायरी वाढवली की दहा मिनिटं लोड. एक डोळा तापमानावर, एक डोळा पडद्यावर. ठिपके, तारे, फाटके त्रिकोण दिसले की समजायचं, कार्ड चुकायला लागलं. कधी काहीच दिसत नाही, पडदा एकदम काळा होतो आणि पंखे बोंबलायला लागतात. जिथं चुकलं तिथून एक नाही, दोन पायऱ्या खाली यायचं. चिपचा वेग आणि मेमरीचा वेग एकाच वेळी वाढवायचा नाही, नाही तर पडलं तर कुणामुळं पडलं ते कळत नाही. व्होल्टेजला मी हातच लावत नाही. ते ज्याचं कार्ड जळलं तरी चालेल त्यानं करावं. आणि सगळं झाल्यावर अख्खी एक पाळी, म्हणजे आठ तास, पूर्ण लोडवर. मगच हिरवा टॅग आणि माझी सही.

एवढं करून वेग वाढतो किती? आठ टक्के, दहा टक्के. लई नशीबवान कार्ड असलं तर बारा.

शहरात गेमिंग पार्लर चालवणारे शोएबभाई ह्यावरून माझं डोकं खायचे. "चचा, मैं मोबाईल पे देखा, एक छोकरा बीस टक्का चढाया. तुम दस पे कायकू रुक गये?"

"कितनी देर चला के दिखाया?"

"बीस मिनट."

"और इक्कीसवा मिनट देखे क्या?"

शोएबभाई दाढी खाजवत विचार करायचे. "नक्को चचा, तुम्हारा दसइच अच्छा." पण पुढच्या महिन्यात दुसरा व्हिडिओ बघून पुन्हा हजर. त्यांनी माझे हिरवे टॅग पार्लरमध्ये प्रत्येक सीपीयूच्या दर्शनी बाजूला लटकवले होते, लग्नात आहेर मांडतात तसे. हळूहळू त्या टॅगला गावात किंमत आली. जुनी मशीनं विकायला निघाली की लोक विचारायचे, काकाचा टॅग आहे का? माझी छाती फुगायची, खोटं कशाला बोलू. आता जे सांगायचंय ते ह्या फुगलेल्या छातीमुळंच झालं.

प्रज्ञाताई पहिल्यांदा आल्या त्या एप्रिलच्या सुरुवातीला. तिशीच्या असतील. बजाजनगरमध्येच तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायच्या, वर थेट स्लॅब. नवरा मिलिंद चितेगावच्या एका कंपनीत, पाळीनं जाणारा. सासूबाई, आणि ओवी नावाची चार वर्षांची पोरगी. ताईंचं काम म्हणजे न बांधलेल्या घराची चित्रफीत करायची. आर्किटेक्ट नकाशा देणार, ह्या त्याचं घर उभं करणार, आणि आपण दारातून आत शिरलो, हॉल बघितला, जिना चढलो, असं सगळं पडद्यावर दाखवणार. त्यातलं एकेक चित्र काढायला कार्डाला दोन-अडीच मिनिटं लागतात, आणि शंभर सेकंदांच्या फितीत अशी चोवीसशे चित्रं.

काउंटरवर त्यांनी आधी एक दोनशेपानी वही ठेवली आणि म्हणाल्या, "काका, मला आठ टक्के पाहिजेत."

मी बघतच राहिलो. इतक्या वर्षांत नेमका आकडा मागणारं गिऱ्हाईक आलं नव्हतं.

"लोक म्हणतात होईल तेवढं वाढवा. तुम्हाला आठच कामून?"

मग त्यांनी सांगितलं. पुण्याच्या एका ऑफिसाला माणसं पाहिजे होती. एप्रिलच्या शेवटी ते चार-पाच जणांना नमुन्याचं काम पाठवणार होते, शुक्रवारी दुपारी बाराला. मंगळवारी दुपारी बाराच्या आत जो पूर्ण करून देईल, त्याला वर्षभर घरून काम. नाही जमलं तर जागा मिळेल, पण पुण्यात ऑफिसला येऊन बसायची. "मागच्या कामावरून हिशोब केला. माझ्या कार्डाला शंभर तास लागतात. हातात शहाण्णव आहेत, त्यातले तीन माझ्या मांडणीला जाणार. राहिले त्र्याण्णव. आठ टक्क्यांत बसतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "पुण्याला जायचं म्हणजे हॉस्टेलवर राहावं लागंल काका. पोरगी चार वर्षांची आहे. तिला तिथं कुठं ठेवू?"

हा हिशोब त्या वहीत होता. पेन्सिलीनं आखलेले रकाने: वेळ, तापमान, काय चालू होतं, शेरा. माझ्या जुन्या फोरमननी बघितली असती तर ऊर भरून आला असता त्यांचा.

मी मन लावून काम केलं. कार्ड गुणी निघालं, दहा टक्क्यांपर्यंत बिनतक्रार गेलं. मी आठवर आणून थांबवलं. दोन राखीव ठेवले. अख्खी पाळी चालवलं, तापमान एका आकड्यावर टिकलं, हिरवा टॅग बांधला. शिवाय एक शिकवलं, की फीत एकदम बनवायची नाही, प्रत्येक चित्र वेगळं साठवायचं. मधी मशीन बंद पडलं तर चालू असलेलं तेवढं एक चित्र जातं, बाकीची राहतात. निघताना म्हणलं, "खोली गार ठेवा. कार्ड गार तर मालक गार."

"आमच्याकडं एसी नाय काका."

"कूलर आहे ना? मग त्याच्या तोंडाशीच ठेवा सीपीयू. बास."

हे मी बोललो, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळलो.

दोन आठवड्यांनी मिलिंद मोटारसायकलवर सीपीयू मधी धरून आला, मागं ताई. "काका, पडदा काळा होतोय. कधी दोनदा, कधी एकदाही नाय." त्यांनी वही उघडून माझ्यासमोर सरकवली. "मी सगळं लिहिलंय ह्यात, कधी कधी झालं ते."

मी वही हातात घेतली. चार पानं उलटली. आणि म्हणालो, "अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं." आणि वही मिटून परत दिली.

मशीन टेबलावर लावलं. पूर्ण लोड, आठ तास. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आठ तास. तापमान ठरल्या जागी, पडदा स्वच्छ. आमच्या धंद्यात ह्यासारखा वैताग नाही. गिऱ्हाइकाच्या घरी मरतं आणि दुकानात आलं की टुणकन उभं राहतं. अशा वेळी कार्ड उघडून बघायचं असतं. पण ते मी स्वतः उघडून, पेस्ट लावून, बंद केलेलं होतं. माझ्याच हातचं काम मी कशाला तपासू? त्यावर माझी सही होती ना.

"तुमच्याकडं लाईटचा घोळ असंल," मी सांगितलं.

"लाईट मी बघितली काका. वहीत आहे बघा, ज्या वेळी—"

"ताई, बावीस वर्षं मी हेच केलंय."

त्यांनी वही पिशवीत ठेवली. मी नवा हिरवा टॅग बांधला आणि वर शहाणपण शिकवलं, "गार ठेवा, आणखी गार. कूलर बंदच करू नका."

पुढचं मला नंतर मिलिंदनं सांगितलं. शुक्रवारी बाराला काम आलं. तीनला ताईंनी मांडणी संपवून मशीन लावलं. संध्याकाळी पहिल्यांदा पडदा काळा झाला. त्या चार दिवसांत सात वेळा झाला. दर वेळी चित्र एकच जायचं, पण मशीन पडलंय हे कुणाच्या लक्षात येईपर्यंतचा वेळ जायचा, आणि पुन्हा उभं करण्याचा. पहिल्या दोन रात्री तर मशीन पडलेलं सकाळीच दिसलं; मग दोघं नवराबायको आणि सासूबाई पाळी लावून पडद्यासमोर बसले. मंगळवारी बारा वाजले तेव्हा शेवटचे दहा सेकंद राहिले होते. फितीत आपण दारातून आत जातो, हॉल बघतो, जिना चढून उतरतो, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येतो, आणि तिथं संपतं. ऑफिसनं कळवलं, काम उत्तम आहे, पण वेळ म्हणजे वेळ. जूनपासून पुण्याला या.

मला हे कळलं मेच्या शेवटी. मिलिंद एकटाच मशीन घेऊन आला. "काका, हे मूळ वेगावर करून द्या. ती सोबत घेऊन चाललीय. हॉस्टेलवर कशाला पाहिजे जास्तीचा वेग?" त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं झालं असतं.

तो गेल्यावर मी कार्ड बाहेर काढलं, आणि हात तिथंच थांबला. कार्डाचे जे सोनेरी दात मशीनच्या खाचेत बसतात, त्यांच्यावर आणि आजूबाजूला पांढरी पुटं चढली होती. बजाजनगरच्या कुठल्याही माणसाला विचारा ते काय आहे. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याचा तो क्षार. बादलीला चढतो, नळाला चढतो, गीझरच्या कॉइलवर बोटाएवढा जाड चढतो, कूलरचं गवत एका उन्हाळ्यात दगड करून टाकतो. मी त्या बाईला सीपीयू कूलरच्या तोंडाशी ठेवायला सांगितला होता. कूलरच्या वाऱ्याबरोबर बारीक फवारा जातो, तो महिना-दीड महिना थेट कार्डावर बसत होता. पाणी उडून गेलं, क्षार राहिला. कोरड्या हवेत तो मुकाट्यानं बसतो; म्हणून माझ्या दुकानात काही होत नव्हतं. पुन्हा ओल लागली की तोच क्षार वीज इकडची तिकडं करतो.

तरी खात्री पाहिजे. शेजारच्या चहावाल्याचा कूलर उचलून आणला, तो "अहो काका, गिऱ्हाइकं उकडून मरतील" म्हणत मागं आला तरी ऐकलं नाही. पाणी भरलं, सीपीयू समोर ठेवला, लोड दिला. अठ्ठाविसाव्या मिनिटाला पडदा काळा. वेग मुळावर आणला, पुन्हा लावलं. पुन्हा काळा. म्हणजे आठ टक्क्यांचा काही दोष नव्हता. माझं वेगाचं काम चोख होतं. हे कळून मला बरं वाटायला पाहिजे होतं. नाय वाटलं. सुरुवातीचा सल्ला चुकीचा होता ते एक, पण दोन आठवड्यांनी मशीन माझ्या टेबलावर परत आलं होतं आणि मी ते उघडलं नव्हतं.

कार्ड स्पिरिट आणि ब्रशनं स्वच्छ केलं, पुन्हा चाचणी घेतली, आणि मशीन स्वतः घेऊन त्यांच्या घरी गेलो. खिशात एक लाल टॅग होता.

दार सासूबाईंनी उघडलं. ताई जमिनीवर बसून बॅग भरत होत्या. ओवी आपली एक चप्पल आईच्या बॅगेत टाकायची, ताई काढून बाजूला ठेवायच्या, ती पुन्हा टाकायची. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "ताई, कूलरच्या पाण्यानं झालंय. मीच सांगितलं होतं तिथं ठेवायला. माझं चुकलं."

त्यांनी हातातली चप्पल खाली ठेवली. मग उठून वही आणली आणि माझ्या हातात दिली. "आता वाचा," म्हणाल्या.

मी खाली बसलो आणि पहिल्यापासून वाचली. जे मी चहावाल्याचा कूलर पळवून शोधलं होतं ते तिथं पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. तीन पाच, कूलरमध्ये पाणी भरलं. तीन पस्तीस, पडदा काळा. दुसऱ्या दिवशी, पाणी आलं नाही, कूलर कोरडा, पूर्ण दिवस ठीक. तिसऱ्या दिवशी, अकरा वाजता पाणी भरलं, अकरा पंचवीस, काळा. लाईटचा रकाना वेगळा होता, त्यात सगळीकडं 'ठीक'. पाचव्या पानावर खाली लिहिलं होतं, 'पाण्याचा काही संबंध? काकांना विचारणे.' आणि त्याच्या खालच्या ओळीत, वेगळ्या दिवशी, 'काका म्हणाले, लाईट.'

मी चार पानं उलटली होती. हे पाचवं होतं.

"तुम्ही सांगितलं, कूलर बंदच करू नका," ताई म्हणाल्या. "चारही दिवस भरूनच ठेवला. तीनतीनदा पाणी ओतलं. माझ्या वहीत वेगळंच दिसत होतं, पण म्हणलं, काकांना कळतं." सासूबाई पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

मी लाल टॅग काढला. मशीनचं नाव लिहून आणलं होतं, तारीख लिहून आणली होती. कारणाचा रकाना कोरा होता. फोरमन म्हणायचे, कारण ज्याला सापडलं त्यानंच लिहावं. कारण त्यांना सापडलं होतं, माझ्या कितीतरी आधी. मी टॅग आणि पेन पुढं केलं. "तुम्ही लिहा."

मला वाटलं, लिहितील 'कूलर', नाही तर 'क्षार'. त्यांनी टॅग गुडघ्यावर ठेवला, त्या सुंदर अक्षरात तीन शब्द लिहिले, आणि परत देत म्हणाल्या, "सही तुमची करा काका." मी वाचलं आणि सही केली.

रविवारी त्या पुण्याला गेल्या. अकरा महिने तिथं होत्या. पंधरा दिवसांनी एकदा यायच्या. ओवी सुरुवातीला जिन्यात बसून राहायची, असं मिलिंद सांगायचा. नंतर नंतर बसायची बंद झाली, हेही त्यानंच सांगितलं. ते ऐकून मला जास्त वाईट वाटलं. पुढं ऑफिसनंच त्यांचं काम बघून घरून करायची मुभा दिली. त्यात माझा काही वाटा नाही.

दुकानाची रीत तेवढी बदलली. आता मशीन कुठं राहणार, खोलीत कूलर आहे का, पाणी बोअरचं का नळाचं, हे मी आधी विचारतो. शोएबभाई म्हणतात, "चचा, कार्ड की जांच करते या शादी का रिश्ता जोडते?" वेग वाढवून मशीन देताना सोबत एक वही देतो, आणि ते परत आलं की वहीशिवाय हात लावत नाही. हिरव्या टॅगवर माझ्या सहीखाली आता मालकाचीही सही असते. लाल टॅग माझ्या टेस्टिंगच्या टेबलाला सुतळीनं बांधलेला आहे, मी बसतो तिथं बरोबर समोर.

ह्या उन्हाळ्यात प्रज्ञाताई आल्या, नवीन कार्ड घेऊन. "काका, सहा टक्के," म्हणाल्या. मी आधी वहीसाठी हात पुढं केला. पहिल्या पानापासून वाचायला लागलो, एकही पान न सोडता. त्या समोर स्टुलावर बसल्या होत्या. ओवी सोबत होती, आता पहिलीला गेलेली, नुकतीच अक्षरं जोडायला शिकलेली. दुकानाची पाटी, कॅलेंडर, बिस्किटाचा पुडा, दिसेल ते मोठ्यानं वाचत होती. वाचत वाचत टेबलाजवळ आली आणि तिनं लाल टॅग हातात धरला.

"व... ही. वही. वा... च... ली. वही वाचली. ना... ही." तिनं वर बघितलं. "कुणी नाही वाचली?"



"मी," मी म्हणलं.